ओढ

काडी ओढली, आणि धूर
पत्ता चुकलेल्या टपालासारखा
आमच्याच दारी परत आला.

बाहेर उणे एकवीस. ओस्टरदालच्या या दरीत
थंडी तळाला बसते, गाळासारखी;
वर डोंगरावर म्हणे दहा अंशांनी ऊबदार.
स्टोव्ह बिडाचा, सासऱ्यांनी घेतलेला.
दारावर एक एल्क उभा, डाव्या शिंगाचं टोक उडालेलं.
तो आजवर कधी खोकला नव्हता.

एइलर्ट म्हणाला, लाकूड ओलं असणार.
मी म्हटलं, दोन उन्हाळे वाळलंय,
तूच रचलंस, तूच खडूनं तारीख घातलीस,
आणि भूर्जाच्या दोन ढलप्या त्याच्या कानाशी आपटल्या.
खणखणीत.
मग म्हणाला, धुराडं तुंबलंय.
मग काहीच म्हणाला नाही.
गुडघ्यांवर बसून फुंकत राहिला,
फुंकलेलं सगळं त्याच्याच भुवयांत.

मंगळवारी नगरपालिकेचा पोरगा आला, सिन्द्रे.
छपरावर चढला, साखळीला लोखंडी गोळा, मागे ब्रश,
आणि खाली मी बादली धरून, जणू गाय दुभणार आहे.
अर्धी बादलीही काजळी निघाली नाही.
घरटं नाही, मेलेला डोमकावळा नाही.
"माझ्या शाळेच्या वह्यांपेक्षा स्वच्छ आहे," म्हणाला,
कॉफी प्याला, आणि जाता जाता सांगून गेला:
नळकांड्यात गार हवा बुचासारखी बसते.
आधी खालच्या झरोक्यात कागद पेटवा,
बूच हललं की आग निघेल.

शनिवारचा पेपर पेटवला.
मयतांची पानं, जुन्या ट्रॅक्टरच्या जाहिराती,
एइलर्टचं अर्धं सोडवलेलं शब्दकोडं
(ते मला नंतर कळलं; त्याला लगेच).
वरून एक लांब हुंकार आला, जागं झालेल्या जनावराचा.
आग लागली! आम्ही एकमेकांकडे पाहिलं,
लग्नात पाहिलं होतं साधारण तसं.
मग मी मासा तळायला टाकला,
वरचा पंखा लावला,
आणि स्टोव्हनं पुन्हा तोंड आमच्याकडे फिरवलं.

रात्री दोनला छतावरची धुराची घंटा किंचाळली.
नाइटगाऊनवर मी, हातात टॉवेल,
खिडकी सताड उघडली, धूर हाकायला लागले,
आणि पाठीमागे
भक्क.
वळून पाहिलं. ज्योत ताठ उभी.
खिडकी लावली, बसली.
उघडली, उठली.
तीनदा केलं. चौथ्यांदा उगीचच.

मागच्या शरदात होवारनं बसवलेल्या या खिडक्या.
तिहेरी काच, चारी बाजूंनी रबर.
"आई, आता वारासुद्धा विचारून येईल."
आणि त्या जुन्या! रात्रभर खुळखुळायच्या,
टेबलावरची मेणबत्ती कलती व्हायची,
दर ऑक्टोबरात मी फटींत लोकर कोंबायची
आणि सुतारापासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायची.
चाळीस वर्षं जिला शिव्या घातल्या
ती फट आमच्या आगीला जेवू घालत होती.

वर जाणाऱ्याला खालून कुणी आत यावं लागतं,
एवढंच. पोराला इंजिनिअर करून
हे शिकवायचं राहिलं,
कारण आम्हालाच ठाऊक नव्हतं.

आता खिडकीत भूर्जाची एक पाचर आहे, बोटभर जाड.
मासा तळताना दोन बोटं.
एइलर्टनं तीवरही खडूनं तारीख घातली.

रविवारी होवारचा फोन येतो.
"ऊब टिकते ना?"
"टिकते की," मी म्हणते,
आणि पाय खुर्चीवर घेते.
जमिनीलगत, माझ्या सपातांना वळसा घालून
गार हवा स्टोव्हकडे निघालेली असते,
हळू, न बोलता,
कामावर जाणाऱ्या माणसासारखी.